रेल्वे फाटकावरचे अपघात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या गाड्या चालवणारे आणि हंगामात ऊस ओढणारे ट्रॅक्टरवाले, या दोघांसाठी मी गेली काही वर्षं रस्ता सुरक्षेची शिबिरं घेतो. हेल्मेट, सीटबेल्ट, दारू यांवर लोक ऐकून घेतात आणि गप्प बसतात. फाटकाचा विषय निघाला की मात्र सगळे बोलायला लागतात, कारण प्रत्येकाने कधी ना कधी दांडा खाली येत असताना गाडी आत घातलेली असते. तिथे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

रेल्वेचे चालक हॉर्न वाजवतात, तर ब्रेक का लावत नाहीत?

लावतात. इमर्जन्सी ब्रेकही लावतात, पण गाडी थांबत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं. डांबरावर टायर जसा पकड घेतो तशी पकड तिथे नसते, आणि चाक फार कमी विरोधाने घरंगळतं, म्हणून तर एक इंजिन एवढी मोठी गाडी ओढू शकतं. हाच फायदा थांबताना उलटा पडतो. डब्यांची लांबलचक एक्स्प्रेस हजार टनांच्या वर भरते. भरलेली कोळशाची मालगाडी पाच हजार टनांच्या आसपास जाते. पूर्ण वेगातली गाडी उभी करायला साधारण एक किलोमीटर लागतो, कधी त्याहूनही जास्त.

ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी दर सेकंदाला तीस मीटर पुढे येते. लोको पायलटला फाटकावरचा ट्रॅक्टर तीनशे मीटरवरून दिसला, तर त्याच्या हातात दहा सेकंद असतात. स्टिअरिंग नसतंच. त्याला करता येण्यासारख्या गोष्टी दोनच, हॉर्न आणि ब्रेक, आणि त्या त्याने केलेल्या असतात.

गाडी लांब दिसत होती, तरी अंदाज चुकतो कसा?

शिबिरात सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतो. "मला वेग कळतो," असं प्रत्येकाला वाटतं.

समोरून सरळ आपल्या दिशेने येणाऱ्या वस्तूचा वेग डोळ्याला नीट कळत नाही. ती फक्त हळूहळू मोठी होताना दिसते आणि अगदी जवळ आल्यावर एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. त्यात इंजिन आकाराने प्रचंड. मोठी वस्तू आपल्याला संथ वाटते. विमान उतरताना पाहिलंत तर ते हवेत रेंगाळल्यासारखं दिसतं, तसंच हे. रात्री तर फक्त दिव्याचा एक ठिपका असतो, त्यावरून अंतर किती आणि वेग किती, काहीच सांगता येत नाही.

आवाजावर विसंबण्याचे दिवसही गेले. पूर्वी डिझेल इंजिनाची घरघर लांबून यायची, रुळांच्या सांध्यांवर चाकं खडखड वाजायची. आता बहुतेक मार्गांवर विजेची इंजिनं आहेत आणि रूळ लांबच लांब सलग जोडलेले आहेत. गाडी जवळ येईपर्यंत फारसा आवाज होत नाही. कानात इअरफोन असतील किंवा ट्रॅक्टरवर टेप मोठ्याने लावलेला असेल, तर हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही.

आता हिशेब करू. दोन रूळमार्गांचं फाटक आहे. अलीकडच्या बाजूला सुरक्षित अंतर सोडून निघालात आणि पलीकडे तसंच सुरक्षित पोहोचलात, तर मधली जागा दहा-अकरा मीटरची होते. त्यात ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची स्वतःची लांबी मिळवा, साधारण नऊ मीटर. म्हणजे मागचं चाक धोक्याबाहेर जायला वीस मीटर पार करावे लागतात. भरलेली ट्रॉली खडबडीत फाटकावरून ताशी पाच किलोमीटरने जाते. याला चौदा सेकंद लागतात. त्या चौदा सेकंदांत ११० च्या वेगाची गाडी सव्वाचारशे मीटरहून जास्त अंतर कापते. आपल्याकडे हंगामात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतात, तेव्हा हा आकडा आणखी वाढतो. फळ्यावर हे गणित मांडलं की "वेग कळतो" म्हणणारे शांत होतात.

कन्हानला काय झालं होतं?

३ फेब्रुवारी २००५. नागपूरजवळ कन्हानच्या परिसरात लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली गेटमन नसलेल्या फाटकावर रेल्वेगाडीखाली आली. ५५ माणसं गेली. एका लग्नातली.

वीस वर्षं झाली, आणि नागपूर भागाबाहेरच्या बहुतेकांना हा अपघात आठवतही नाही. मी प्रत्येक शिबिरात तो सांगतो, कारण वऱ्हाड अजूनही ट्रॉलीतून जातं. ट्रॉलीत बसलेल्यांना इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. पुढचं दिसत नाही. बाया मांडी घालून बसलेल्या असतात, मांडीवर पोरं असतात, उडी मारायची म्हटली तरी उठून उभं राहायलाच वेळ जातो. चालकाला डावी-उजवी पाहायची तर मडगार्डवर बसलेली दोन माणसं आड येतात. एका चालकाची चूक पन्नास जणांवर पडते, ती अशी.

पण आता गेटमन नसलेली फाटकं राहिलीच नाहीत ना?

ब्रॉडगेज मार्गांवर नाहीत. ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ती सगळी बंद केली, तिथे गेटमन नेमले, किंवा पूल आणि भुयारी मार्ग बांधले. हे काम खरंच मोठं झालं. त्यामागे किती जीव गेले, तेही लक्षात ठेवलं पाहिजे. २४ जुलै २०१४ ला तेलंगणात मेदक जिल्ह्यातल्या मासाईपेट इथे शाळेची बस नांदेड–सिकंदराबाद पॅसेंजरखाली आली. २६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात शाळेच्या व्हॅनला गाडीने धडक दिली, १३ मुलं गेली. कुशीनगरनंतरच या कामाला वेग आला.

आता देशात गेटमन असलेली सुमारे सतरा हजार फाटकं आहेत. गेटमन आहे म्हणजे धोका संपला, असा याचा अर्थ नाही. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम इथल्या फाटकावर शाळेच्या व्हॅनला पॅसेंजर गाडीने धडक दिली, तीन विद्यार्थी गेले. तिथे गेटमन होता. ते फाटक इंटरलॉक केलेलं नव्हतं. आपल्याकडे १४ मार्च २०२५ च्या पहाटे जळगाव जिल्ह्यात बोदवडला धान्याचा ट्रक बंद फाटकातून रुळांवर शिरला आणि मुंबई–अमरावती एक्स्प्रेसने त्याला धडक दिली. कुणाचा जीव गेला नाही. गाडीत किती माणसं झोपेत होती, एवढं डोळ्यांसमोर आणा.

इंटरलॉक म्हणजे काय? गेटमन केबिनमध्ये नेमकं काय करतो?

इंटरलॉक फाटकात गेट आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले असतात. दांडा खाली येऊन त्याला कुलूप लागल्याशिवाय गाडीसाठीचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. एकदा सिग्नल दिला की गाडी जाईपर्यंत दांडा सहजासहजी वर जात नाही. गेटमनला डुलकी लागली तरी गाडी फाटकाआधीच लाल सिग्नलला थांबते. सतरा हजारांपैकी अकरा हजारांहून अधिक फाटकं आता अशी आहेत.

उरलेल्या ठिकाणी सगळा भरवसा फोनवर. स्टेशन मास्तर फोन करतात, कुठली गाडी येते ते सांगतात. गेटमन फाटक बंद करतो आणि तसं कळवतो. मग दोघं एकमेकांना एकेक खासगी नंबर देतात. छापील तक्त्यावरचा तो नंबर वहीत लिहायचा, वेळ लिहायची. फाटक खरोखर बंद झालं आहे, याची खूण म्हणजे हा नंबर. मी एका गेटमनच्या केबिनमध्ये एक रात्र बसलो होतो. लाकडी टेबल, भिंतीला लाल आणि हिरवा झेंडा, खुंटीला दिवा, पत्र्याच्या डब्यात रुळावर बांधायचे इशाऱ्याचे फटाके, आणि ती वही. पहाटे तीनच्या सुमारास फोन वाजला की हा माणूस झोपेतून नव्हे, पण थकव्यातून उठायचा. हँडल फिरवायचा. दांडा निम्म्यावर आला की दोन मोटारसायकली खालून सुटायच्या. तो ओरडायचा, थांबायचा, पुन्हा फिरवायचा. "त्यांच्या डोक्यात दांडा बसला तर माझ्यावर येतं, गेट उघडं राहिलं तरी माझ्यावर येतं," हे तो अगदी साध्या आवाजात बोलला. बारा तासांची पाळी होती त्याची.

फोनवर आणि वहीवर चालणारी पद्धत प्रामाणिक माणसांच्या हातात वर्षानुवर्षं नीट चालते. एक रात्र चुकते. म्हणून इंटरलॉकिंगचं काम आधी व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. सेम्मनकुप्पमनंतर रेल्वेने त्यासाठीची रहदारीची अट खाली आणली, फाटकांवर सीसीटीव्ही बसवायचं ठरवलं. सीसीटीव्हीने चूक कुणाची ते नंतर कळतं. चूक होऊच न देणारं साधन इंटरलॉकिंग आहे.

गाडीचा पत्ता नसतो आणि गेट दहा-दहा मिनिटं बंद. का?

वर सांगितलं त्यातच उत्तर आहे. गाडी फाटकाजवळ आल्यावर गेट पाडून चालत नाही. पूर्ण वेगातल्या लोको पायलटला फाटकाच्या बऱ्याच आधी, पहिला इशारा देणाऱ्या सिग्नलपाशीच, पुढचा रस्ता मोकळा असल्याचं दिसावं लागतं. म्हणजे गाडी काही किलोमीटर लांब असतानाच दांडा खाली यायला हवा. मधे मालगाडी असेल तर ती रमतगमत येते. दोन गाड्या पाठोपाठ असतील तर गेटमन मधे उघडत नाही.

खोळंबा खरा आहे, तो मी नाकारत नाही. ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनच्या फाटकाने तर उलट बाजूने त्रास दिला. रस्त्यावरची वाहनं संपत नाहीत म्हणून गेट वेळेत बंद होत नाही आणि मध्य रेल्वेच्या लोकल मागे रखडतात. अॅम्ब्युलन्स अडकली की लोक गेटमनवर धावून जातात. सिग्नल दिल्यानंतर त्याच्या हातात फारसं काही नसतं. त्याला मारहाण करून गेट उघडायला लावणं म्हणजे येणाऱ्या गाडीसमोर अॅम्ब्युलन्स उभी करणं. पेशंट घेऊन निघताना वाटेत फाटक असेल तर पुलाचा रस्ता धरा, दोन किलोमीटर जास्त पडले तरी.

एक गाडी गेली, तरी गेट उघडत नाही. मग दांड्याखालून गेलं तर?

दुहेरी मार्गावर माणसं मरतात ती बऱ्याचदा इथेच. पहिल्या गाडीचा शेवटचा डबा जातो, समोरचं मोकळं दिसतं, माणूस पाऊल टाकतो. दुसऱ्या रुळावरची उलट दिशेने येणारी गाडी पहिल्या गाडीआड झाकलेली असते, तिचा आवाज पहिलीच्या आवाजात मिसळलेला असतो. दांडा अजून खाली आहे याचा अर्थ दुसरी गाडी येते आहे. सायकल आडवी करून दांड्याखालून सरकवणाऱ्या शाळकरी पोरांना हे एक वाक्य तरी पाठ असायला हवं.

ट्रॅक्टर किंवा कार रुळावर बंद पडली तर काय करायचं?

आधी माणसं उतरवा. गाडी चालू करायचा एकही प्रयत्न त्याआधी नको. सामान, दप्तरं, मोबाइल, काही घ्यायला थांबू नका.

उतरल्यावर पळायचं कुठे, हेही महत्त्वाचं. रुळापासून लांब तर जायचंच, पण तिरकं, आणि गाडी ज्या दिशेने येते आहे त्या दिशेकडे. ऐकायला उलटं वाटतं. धडक बसली की वाहनाचे तुकडे, ऊस, पत्रा, सगळं गाडीच्या पुढच्या दिशेने उडतं. तुम्ही त्याच दिशेने पळालात तर ते तुमच्या अंगावर येणार.

मग गेटमन. त्याला ओरडून सांगा, एकाला त्याच्याकडे पळवा. तो सिग्नल लाल करू शकतो, स्टेशनला कळवू शकतो, आणि त्याच्याजवळ लाल झेंडा आणि फटाके असतात. हे फटाके रुळावर बांधायचे असतात. ब्रॉडगेजवर फाटकापासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि लोको पायलट गाडी थांबवायला लागतो.

गेटमन जवळ नसेल तर १३९ वर फोन करा. जागा सांगताना "आमच्या गावाजवळ" एवढ्याने भागत नाही. फाटकाच्या पाटीवर फाटक क्रमांक लिहिलेला असतो. विजेच्या तारांच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा आकडा रंगवलेला असतो. तो वाचून सांगा, नियंत्रण कक्षाला अचूक जागा कळते.

दरम्यान एकाने गाडी येण्याच्या दिशेला, रुळाच्या बाजूने, रुळांमधून नव्हे, शक्य तितकं लांब पळत जावं. हातात लाल कापड असेल तर ते हलवा. नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरून उभे राहा. रेल्वेच्या नियमांत दिवसा तीही 'थांबा'चीच खूण आहे. रात्री पांढरी बॅटरी, मोबाइलची सुद्धा, जोरजोरात इकडून तिकडे हलवा. जोरात हलणारा पांढरा दिवा म्हणजे धोका, हे प्रत्येक लोको पायलटला शिकवलेलं असतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या फाटकावरून चालल्या होत्या. मागच्या ट्रॉलीच्या हुकाची पिन तुटली आणि ट्रॉली बरोबर दोन रुळांच्या मधे बसली. ट्रॅक्टरवाला पोरगा वीस-बावीसचा. तो खाली उतरून पिन शोधायला लागला, वाकून, हाताने खडी चाचपत. गेटमनने केबिनमधून झेंडा घेतला आणि पळत सुटला, जाता जाता ओरडला, "पिन सोड, बाजूला हो!" गाडी चारशे-पाचशे मीटर अलीकडे उभी राहिली. पोरगा त्यानंतरही अर्धा तास खडीवर बसून होता, मुठीत तुटलेली पिन.

फाटकाजवळ येण्याआधी हुक, पिन आणि टायर बघून घ्यायची सवय मी तेव्हापासून शिकवतो. आणि रुळांवर गिअर बदलू नका. फाटकाआधीच पहिला टाका आणि तोच ठेवा.

आत गेलो आणि दोन्हीकडचे दांडे पडले. मग?

थांबू नका, पुढचा दांडा तोडून बाहेर पडा. गेटचं नुकसान भरून देता येईल. बाहेर पडताच गेटमनला सांगा, कारण तुटलेलं गेट ही पुढच्या गाडीसाठी अडचण आहे आणि सिग्नलचा निर्णय त्याला लगेच घ्यायचा असतो.

अशी वेळ येऊ नये यासाठी एक नियम बस आहे : पलीकडे तुमची गाडी पूर्ण मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय रुळावर चाक घालू नका. पुढच्या वाहनाला चिकटून आत जाणं हेच अडकण्याचं कारण असतं.

फाटकाआधी लोखंडी कमान कशासाठी असते?

वर २५,००० व्होल्टच्या तारा आहेत म्हणून. कमानीला लागणारा माल त्या तारांना लागणार. चिपाडाची, कडब्याची रचून भरलेली गाडी कमानीला घासली की काही जण एकाला वर चढवतात आणि दाबून बसायला सांगतात. तो माणूस तारेला हात न लावताही भाजून मरू शकतो, एवढ्या दाबाची वीज जवळ आलेल्या वस्तूवर झेप घेते. माल उतरवा, दुसरा रस्ता घ्या.

कायदा काय सांगतो?

रेल्वे कायदा १९८९ चं कलम १६० : बंद गेट कुणी उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. कलम १६१ : गेटमन नसलेलं फाटक निष्काळजीपणे ओलांडलं तर एक वर्षापर्यंत. दांड्याखालून चालत जाणाऱ्यावर रुळांत घुसखोरीचं कलम १४७ लागू शकतं.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३१ कडे फार थोड्यांचं लक्ष असतं. गेटमन नसलेल्या फाटकाशी चालकाने गाडी थांबवायची, क्लीनर किंवा बरोबरच्या माणसाला खाली उतरवायचं, त्याने पुढे चालत जाऊन दोन्ही बाजू बघायच्या आणि मग गाडी पार करवून घ्यायची. बरोबर कुणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून बघायचं. ब्रॉडगेजवर आज अशी फाटकं नाहीत, पण कारखान्यांच्या आणि बंदरांच्या साइडिंगवर ही सवय जीव वाचवते. शाळेच्या बसवाल्यांना मी गेटमन असलेल्या फाटकावरही हेच करायला सांगतो. अटेंडंटने उतरायचं, बघायचं, हात करायचा. एक मिनिट जातं.

गेटमनने गेट उघडं ठेवलं म्हणून अपघात झाला तर त्याच्यावर कारवाई होते, खात्याची आणि फौजदारीही. मोठ्या अपघातांची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, म्हणजे चौकशी करणारा रेल्वे मंत्रालयाच्या हुकमाखाली नसतो.

भरपाई कोण देतं?

इथे लोक फार फसतात, म्हणून जरा सविस्तर.

तुम्ही रेल्वेगाडीत बसलेले प्रवासी असाल आणि फाटकावरच्या धडकेत तुम्हाला इजा झाली, तर दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर इथे त्याची खंडपीठं आहेत. मृत्यूची भरपाई ८ लाख रुपये, चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही.

तुम्ही रस्त्यावरच्या वाहनात होता, तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, आपण ज्याला एमएसीटी म्हणतो तिथे. वाहनाचा मालक, चालक, विमा कंपनी यांच्याबरोबर रेल्वेलाही तिथे प्रतिवादी करता येतं. केरळमधल्या एका फाटकावरच्या अपघाताच्या प्रकरणात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे "रेल्वेवर केस होत नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०१९ च्या दुरुस्तीने या दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा तेराव्यानंतर बघू म्हणत वर्ष घालवू नका.

गेटमन असलेल्या फाटकावर प्रथमदर्शनी रेल्वेची चूक दिसत असेल तर रेल्वे तातडीची मदतही देते. सप्टेंबर २०२३ पासून ही रक्कम मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि किरकोळ दुखापतीसाठी ५० हजार आहे. ही मदत घेतली म्हणून न्यायाधिकरणातला हक्क जात नाही. गेट तोडून आत गेलेल्याला मात्र ती मिळत नाही.

आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठी : शेतीच्या कामाचा विमा काढलेल्या ट्रॉलीत वऱ्हाड बसवलं असेल तर विमा कंपनी हात वर करते. मग सगळी भरपाई मालकाच्या शेतावर येऊ शकते. पॉलिसी काढून एकदा वाचा, किंवा कुणाकडून वाचून घ्या.

लोको पायलटवर गुन्हा का नाही होत?

कारण बहुतेक वेळा त्याने जे करायचं ते केलेलं असतं. फाटकाच्या अलीकडे पिवळी पाटी असते, 'सी/फा' लिहिलेली, म्हणजे सीटी, फाटक. तिथून तो हॉर्न द्यायला लागतो. एका निवृत्त लोको पायलटने मला सांगितलं होतं, धडकेच्या आधी समोरच्या चालकाचा चेहरा दिसतो, आणि तो पुढे कित्येक रात्री दिसत राहतो. जमाव इंजिनावर दगड घेऊन जातो तेव्हा आतला माणूस आधीच हादरलेला असतो, हे गावातल्या मोठ्यांनी पोरांना सांगून ठेवावं.

फाटक काढून बोगदा केला, पण पावसाळ्यात त्यात कमरेएवढं पाणी. लोक पुन्हा रुळांवरूनच जातात. मग उपयोग काय झाला?

ही तक्रार अगदी रास्त आहे. भुयारी मार्ग स्वस्त पडतो आणि लवकर होतो. तयार काँक्रीटचे चौकोनी बोगदे काही तासांचा ब्लॉक घेऊन रुळाखाली सरकवतात. पण तो शेजारच्या शेतापेक्षा खोल असतो. काळ्या मातीच्या भागात, विदर्भात, मराठवाड्यात, जूनच्या दुसऱ्या पावसालाच त्याचं तळं होतं. पंप बसवलेला असतो, तो चालवायला माणूस नाही किंवा लाइट नाही. दोन्ही टोकांना पत्रा नाही, आडवा चर नाही, रस्त्याचं सगळं पाणी आत.

मग म्हातारी माणसं, दूधवाले, शाळेची मुलं जुन्या फाटकाच्या जागी रूळ ओलांडतात. तिथे आता दांडाही नाही, गेटमनही नाही. माझ्या दृष्टीने तुंबलेला बोगदा म्हणजे दुसऱ्या वाटेने परत आलेलं बिनरखवालीचं फाटक आहे, फक्त ते कुठल्या यादीत दिसत नाही. बोगदा मंजूर होतानाच पाणी कुठे जाणार हे ग्रामपंचायतीने लेखी विचारावं. झालेला असेल तर पाणी भरलेले फोटो तारखेसह मंडल रेल्वे व्यवस्थापकाकडे द्यावेत. आणि पाण्याची खोली माहीत नसताना बस किंवा कार त्यात घालू नये.

मग कायमचा उपाय काय?

रस्ता आणि रूळ एका पातळीवर नकोत, एवढाच. डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१२ मध्येच हे सांगितलं. गेटमन असलेली आणि नसलेली, सगळी फाटकं पाच वर्षांत काढा, अंदाजे ५० हजार कोटी लागतील, आणि फाटकांवरचा खर्च वाचून हा पैसा काही वर्षांत वसूल होईल. नसलेली गेली. असलेली अजून आहेत. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच' यंत्रणेत फाटकाजवळ इंजिनाचा हॉर्न आपोआप वाजायची सोय आहे, ती चांगली आहे, पण हॉर्न वाजूनही माणसं मरतात हे आपण पाहतोच आहोत.

आमच्या गावच्या फाटकावर पूल हवा आहे. मागायचा कुठे?

आधी फाटकाचा टीव्हीयू विचारा. दिवसभरात जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या, असा हा आकडा असतो. ट्रक, कार, बैलगाडी एक धरतात, रिक्षा अर्धी. आकडा एक लाखाच्या वर गेला की रेल्वे आणि राज्य सरकारने खर्च वाटून घेऊन उड्डाणपूल बांधायला ते फाटक पात्र ठरतं. आपल्याकडे अशी बरीच कामं महारेल, म्हणजे राज्य सरकार आणि रेल्वेची संयुक्त कंपनी, करते.

अडचण मोजणीत असते. ऊस कारखाने बंद असताना वाहनं मोजली तर आकडा निम्मा येतो. म्हणून ग्रामसभेचा ठराव करताना 'पूल पाहिजे' एवढंच लिहू नका. हंगामात, आठवडी बाजाराचा दिवस धरून, सलग सात दिवस मोजणी करावी असं लिहा, आणि गावातल्या पोरांना वही देऊन स्वतःचीही मोजणी करा. ठराव मंडल रेल्वे व्यवस्थापक, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हाधिकारी यांना पोच घेऊन द्या, प्रत आमदार-खासदारांना. मागची मोजणी कोणत्या महिन्यात झाली आणि आकडा किती आला, ते माहिती अधिकारात मागता येतं. दहा रुपयांचा अर्ज आहे.